कुंकू लागलेला रेग्युलेटर

नाशिकला समुद्र नाही, ही बातमी मला आजवर निदान शंभर जणांनी दिली असेल. मी पाणबुड्या होतो म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "कुठं, रामकुंडात? पैसे वेचायला?" या वयात मी आता कोणाला समजावत बसत नाही. धरणाला दरवाजे असतात, दरवाजांपुढे पाण्याखाली लोखंडी जाळ्या असतात आणि त्या जाळ्यांत झाडं, फांद्या, मेलेली जनावरं येऊन अडकतात. ती काढायला कोणाला तरी खाली जावं लागतं. सत्तर सालानंतरची दहा-बारा वर्षं तो 'कोणी तरी' मी होतो.

मी मूळचा मनमाडचा. वडील रेल्वेत होते. मनमाडला प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं पोहायला कुठलं पाणी? मी पोहायला शिकलो मामाच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. फिटर होऊन पाटबंधारे खात्यात लागलो आणि एके दिवशी साहेबांनी विचारलं, पोहता कोणाकोणाला येतं? मी हात वर केला. आयुष्यात दुसरं काही मला एवढं महागात पडलं नाही. सहा आठवडे मुंबईला शिकायला पाठवलं, कागद दिला, आणि नाशिकला परतलो तेव्हा खात्यात माझ्या नावापुढे 'पाणबुड्या' लागलं होतं. ते एकदा लागलं की निघत नाही. बदली मागितली की उत्तर ठरलेलं, तू गेलास तर खाली जाणार कोण?

खरी गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही. मला कोंडल्याची भीती वाटते. तोंडावर मास्क चढला, पाणी डोक्यावरून बंद झालं की छातीत एक दार लागायचं. पण कॉलनीत माझा मान होता. पोरं मला पाहून एकमेकांना खुणावत. आई आल्यागेल्याला सांगायची, माझा मुलगा मशीन लावून पाण्यात राहतो. एवढं झाल्यावर, मला भीती वाटते हो, असं कुठल्या तोंडानं सांगणार? मी खाली अडकत होतो आणि वर त्याहून जास्त.

भीतीवर मी एक औषध शोधलं होतं. प्रत्येक वस्तू स्वतः तपासायची, दरवेळी, त्याच क्रमाने. आज हौसेनं समुद्रात डुबकी मारायला जाणाऱ्यांना मी तेवढंच सांगतो. यंत्र चांगलं असून भागत नाही, ते आज चांगलं आहे का ते बघावं लागतं. पाठीवरच्या सिलिंडरची हवा तोंडात येते ती रेग्युलेटरमधून. त्याच्या पोटात रबराची एक पातळ चकती असते. श्वास सोडला की ती उघडते आणि हवा बाहेर जाते, श्वास घेतला की मिटते आणि पाणी बाहेर राहतं. पाण्याखालचा सगळा संसार त्या चकतीवर चालतो. म्हणून पाण्यात शिरण्याआधी रेग्युलेटर स्वच्छ पाण्यात बुडवून खळखळून धुवायचा, हवा बंद ठेवून त्यातून श्वास ओढून बघायचा, काही आत आलं नाही पाहिजे, मग हवा सोडून त्यातून दहा श्वास घ्यायचे. दोन नाही, दहा. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळायची म्हणजे वाफ धरत नाही. वजनांचा पट्टा सगळ्यांत शेवटी बांधायचा आणि त्याचा चाप एका हाताने, न बघता सुटला पाहिजे. सुरी अशा जागी बांधायची की दोन्ही हात पोचतील. सर्दी असेल तर घरी बसायचं, कारण खाली जाताना कानांत दडे बसतात आणि ते नाक दाबून फुंकून सोडवता आले नाहीत तर पडदा फाटतो.

आणि एकट्यानं जायचं नाही. हा नियम मी दुसऱ्यांना फार ठासून सांगतो, कारण पहिलं वर्ष सोडलं तर स्वतः तो कधी पाळला नाही. खात्यात शिकलेले आम्ही दोघे होतो. दुसरा वर्षभरात ओळख लावून कार्यालयात टेबलावर जाऊन बसला. मग माझ्याबरोबर राहिले ते दोरी धरणारे दादा.

दादा घोटीकडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, खात्यात खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून लागलेले. मशीन-बिशीन त्यांना मान्य नव्हतं. भाताच्या चिखलात आणि नदीच्या डोहात वाढलेला माणूस, नुसत्या दमावर तीस फूट जायचा. माझ्या कमरेला बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक त्यांच्या हातात. त्यांनी दर मिनिटाला एक हिसका द्यायचा, मी एक हिसका परत द्यायचा, म्हणजे ठीक आहे. दोन हिसके म्हणजे ढील द्या. तीन म्हणजे ओढा. चार म्हणजे अडकलोय, ओढू नका. मी खाली असेपर्यंत दरवाजा फिरवायचं हँडल काढून दादांच्या मांडीखाली. साहेब आले तरी ते मांडी हलवायचे नाहीत. "पोरगं खाली हाय माझं, मग बघू," म्हणायचे. आठ वर्षं माझा जीव त्या दोरीला होता आणि मला तिचा कधी घोर लागला नाही.

खाली काय दिसतं, असं लोक विचारतात. धरणात रंगीत मासे नसतात हो. पावसाळ्यानंतर पाणी चहासारखं असतं, हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. डिसेंबरनंतर ते निवळतं. मग कटला येतो, मोठ्या डोक्याचा, जवळ येऊन तोंड उघडमीट करत बघत राहतो. मास्कच्या काचेतून सगळं मोठं आणि जवळ दिसतं, त्यामुळे पहिल्या वर्षी मी हातभर मासा पाहिल्याच्या जेवढ्या बाता मारल्या त्या सगळ्यांतून वीतभर कमी करून घ्याव्यात. मरळ पिल्लांच्या घोळक्यावर पहारा देते, तिच्या वाटेला जायचं नाही, ती अंगावर येते. सापासारखी लांब वांब दगडाच्या फटीत असते, म्हणून फटीत हात घालायचा नाही. कासवाला पकडायचं नाही, त्याची वाट सोडायची. पण या सगळ्यांपेक्षा मला भीती वाटायची ती नायलॉनच्या जाळ्यांची. तुटून वाहून आलेलं जाळं पाण्यात दिसतच नाही, ते लागतं तेव्हाच कळतं. जाळ्याला ना भूक असते ना पिल्लं, आणि ते सोडत नाही.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. खंडेनवमीला आमच्या गोदामात दरवर्षी अवजारांची पूजा व्हायची. पाने, जॅक, पंप, सगळं धुऊन मांडायचं, हळदकुंकू, फुलं, अक्षता वाहायच्या, नारळ फोडायचा. पूजा दादाच करायचे. एकदा पूजलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, असा रिवाज. आम्ही बौद्ध. आमच्या घरी पूजाअर्चा नाही, त्या दिवसांत आमच्याकडे पांढरे कपडे घालून विहारात जायची तयारी चाललेली असते. मी आपला पूजेला बाजूला उभा राहायचो, खोबरं मिळालं की खायचो. सिलिंडर, रेग्युलेटर, मास्क असा माझा सेट मात्र मी तोवर नेहमी कपाटात कुलुपात ठेवत आलो होतो. त्या वर्षी तो दुरुस्त करून बाहेरच वाळत ठेवला होता.

दुपारी येऊन बघतो तर दादांनी तो मधोमध मांडलेला. सिलिंडरला झेंडूची माळ. मास्कच्या काचेवर कुंकवाची पाच बोटं. रेग्युलेटरवर हळदकुंकू, आणि तोंडात धरायच्या रबरी भागावर कुंकवात भिजवलेल्या अक्षता. दादा म्हणाले, "लेकाला संभाळून आण म्हणून सांगितलंय त्याला. सगळ्यात जास्त काम त्यालाच हाय ना." त्यांचा चेहरा इतका खूष होता की मला भरून आलं, आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं. अहो, श्वास घ्यायची जागा आहे ती! पण मी बोललो नाही. मला वाटलं, मी बोललो तर ते 'रेग्युलेटर धुवा' असं होणार नाही. ते 'हे बौद्ध, यांना आपलं कुंकू चालत नाही' असं होईल. अशी वाक्यं मी लहानपणापासून ऐकली होती, दादांकडून कधी नाही, आणि त्यांच्याकडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी मी विहारात निघालो होतो, तेवढ्यात खात्याची जीप दारात. दुसऱ्या दिवशी कालव्याला पाणी सोडायचं होतं आणि जाळीवर मोठं झाड येऊन बसलं होतं. जाळी आजच्या आज मोकळी करा, असा निरोप. पांढरा सदरा तसाच अंगावर ठेवून गेलो. दादाही घरचा सण टाकून आलेले, डोळे लाल, सारखे शिंकत होते. सेट जीपमध्ये माळेसकट ठेवलेला.

काठावर बसून मी माळ काढली, ती दादांच्या हातात दिली. मास्क थुंकी लावून पुसला, तेवढं जमलं. मग रेग्युलेटर हातात घेतला. पाण्याची बादली बाजूलाच होती. दादा माझ्याकडे बघत होते, हसत. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांनी वाहिलेलं कुंकू खळखळून धुवायचं माझ्याच्यानं झालं नाही. मी रुमालानं तोंडाचा भाग पुसला, दिसल्या तेवढ्या अक्षता झटकल्या, दोन श्वास घेतले आणि पाण्यात उतरलो. दोन.

पस्तीस फुटांवर जाळी. पाणी गढूळ. झाड हाताला लागलं, फांद्या करवतीनं कापायला घेतल्या. दहा-बारा मिनिटं सगळं नीट चाललं. मग एका श्वासाबरोबर तोंडात पाणी आलं. मला वाटलं ओठ सैल पडले. घट्ट धरले, पुढच्या श्वासाला परत पाणी, या वेळी जास्त. रेग्युलेटरच्या कोपऱ्यात कुठं तरी कुंकवानं चिकटून बसलेला दाणा पाण्यानं सुटला होता आणि मी सोडलेल्या हवेबरोबर वाहत जाऊन त्या रबरी चकतीखाली बसला होता. चकती मिटत नव्हती. हे मला नंतर, सेट उघडून चकतीवरचा लाल डाग बघितला तेव्हा कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की निम्मी हवा आणि निम्मं पाणी येतंय.

यावर इलाज असतो. मान खाली करायची, जीभ टाळ्याला लावून पाणी अडवायचं आणि चहा गरम असताना घुटका घेतो तसा हळू श्वास ओढायचा. मला तो शिकवलेला होता. पण मला ठसका लागला, आणि ठसका लागलेल्या माणसाला शिकवलेलं आठवत नाही. मी वर जायला म्हणून गर्रकन वळलो, आणि सिलिंडरच्या मानेला मागून कोणी तरी धरलं.

झाडाबरोबर वाहत आलेलं जाळं होतं. मी वळलो तसं ते खांद्यावरून पुढं आलं. हात सोडवायला गेलो तर हातावर आलं. सुरी पोटरीला होती, तिथवर हात पोचेना. दादांचा एक हिसका आला. मी परत हिसका दिला नाही. मग चार दिले.

त्यानंतर वरून काहीच झालं नाही. दोरी शांत. ती मिनिटं कशी होती ते मला नीट लिहिता येणार नाही. मला दिसत काही नव्हतं. कोंडल्याची जी भीती मी आठ वर्षं लपवली होती ती सगळी एकदम अंगावर आली, आणि विचित्र म्हणजे मला लाज वाटली. आता सगळ्यांना कळणार, असं वाटलं. मी मान खाली केली. जीभ वर लावली. घुटका, घुटका. आईला, बायकोला, कोणाला आठवलं नाही, खोटं कशाला सांगू? मी फक्त श्वास मोजत होतो. मग श्वास जड यायला लागला, म्हणजे हवा संपत आली. सिलिंडरला एक सळई असते, ती ओढली की राखून ठेवलेली चार-पाच मिनिटांची हवा सुटते. सुदैवानं तिथवर उजवा हात पोचला. ती ओढल्यावर पुढे ओढायला काही उरलं नाही.

आणि माझ्या दोरीवरून हात उतरत आले. अगदी काचेला टेकल्यावर दिसलं, मास्क नाही, मशीन नाही, नुसता एक चड्डीतला माणूस, दातांत विळा धरलेला. दादांनी माझं तोंड चाचपलं, मी जिवंत आहे बघितलं आणि सिलिंडरच्या मागे जाऊन कापायला लागले. दम संपला तसे वर गेले. मला वाटलं, संपलं. ते परत आले. परत कापलं, परत गेले. तिसऱ्या खेपेला जाळं सुटलं आणि त्यांनी मला वर ढकललं.

वजनांचा पट्टा मी सोडला आणि ओरडत वर आलो. खरंच ओरडत. खाली घेतलेला श्वास कोंडून वर आलं तर तो छातीत फुगतो आणि फुप्फुस फाटतं, म्हणून वर येताना तोंडातून हवा सतत जात राहिली पाहिजे. घाबरलेल्या माणसाला नेमका उलटा मोह होतो. दादांना दम कोंडून वर येता येत होतं, कारण तो त्यांनी वरूनच नेला होता. माझा श्वास खालचा होता.

काठावर दोघे पालथे पडलो. दादांच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. सर्दीत तीनदा पस्तीस फूट. त्यांना तो नियम माहीत होता, मीच शिकवला होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काय झालं रे?" आणि मी म्हणालो, "जाळं." एवढाच शब्द म्हणालो. दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

तो कान पुढे कायमचा गेला. सरकारी दवाखान्यात मीच त्यांना घेऊन जायचो, रांगेत शेजारी बसायचो, आणि इकडचं तिकडचं बोलून परत यायचो. साहेबांनी अहवाल मागितला, त्यातही मी जाळं लिहिलं. अक्षता लिहिल्या असत्या तर दादांवर चौकशी लागली असती. असं मी स्वतःला सांगायचो, आणि ते खरंही होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. जिवावर उदार होऊन मला काढणाऱ्या माणसाला, तुमच्या पूजेनं मी मरत होतो, हे सांगायची माझ्यात धमक नव्हती. आणि त्याहून खालची गोष्ट म्हणजे, धुतलं मी नाही, चूक माझी. पाण्यातून सुटलो पण त्यातून सुटेना. त्यानंतर चार वेळा खाली गेलो, चारही वेळा उतरण्याआधी झुडपाआड जाऊन ओकलो. दादा बघायचे आणि दुसरीकडे मान फिरवायचे.

उन्हाळ्यात, एका दुपारी, आम्ही दोघेच गोदामाच्या सावलीला बसलो होतो. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो. मुद्दाम. ऐकू न येणाऱ्या कानापाशी तोंड नेऊन मी सगळं सांगून टाकलं. दाणा, चकती, बादली, रुमाल. सांगून झालं म्हणजे मोकळं होऊ, आणि त्यांना कळणारही नाही, असा माझा हिशेब. भित्र्या माणसाचा हिशेब.

दादांनी उजव्या हाताने शेजारची जमीन थोपटली. मग म्हणाले, "ह्या बाजूला ये. हिकडून बोल."

मी उठून उजवीकडे बसलो. तेच सगळं पुन्हा सांगितलं, त्यांच्या तोंडाकडे बघत. या खेपेला फार वेळ लागला.

"मला त्याच दिवशी कळलं व्हतं," ते म्हणाले. "मशीन धुतंय कोण, मीच ना? लाल दाणा निघाला आतनं. म्हटलं, आज शिव्या घालंल, उद्या घालंल. तू डबा घेऊन मला दवाखान्यात नेत राह्यला. लय गोड बोलत राह्यला."

"दादा, मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल. कुंकू पुसलं तर."

"अरे, आम्ही गणपती नेऊन पाण्यात बुडवतो, आन् कुंकू पुसायला काय लागतं?" त्यांचा आवाज चढला. आठ वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले. "तुझा जीव माझ्या हातात देत व्हतास ना रोज? मंग 'दादा, ते धुवा' एवढं म्हणायला मी कोण व्हतो तुझा? परका?"

"नाही," मी म्हणालो. त्या दिवशी बादलीपाशी तरी ते खरं नव्हतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं.